फायरवॉल तुमची, मग तिची केबल आणि पासवर्ड कोणाकडे?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण यूएसबी कन्सोल केबल लावून फायरवॉलच्या आत कसं शिरायचं ते पाहिलं. केबल कोणती घ्यायची, स्पीड किती ठेवायचा, पुट्टीमध्ये काय भरायचं, सगळं पडद्यावर दाखवलं. पण व्हिडिओत एक गोष्ट मी बोललो नाही. कारण ती कृती नाही, माझं मत आहे, आणि ते मत काही डीलर मित्रांना आवडणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून ते इथे लिहितोय.

मत सरळ आहे. फायरवॉल ज्याच्या पैशांनी आली, कन्सोल केबल आणि ॲडमिन पासवर्ड त्याच्या कपाटात असलाच पाहिजे. व्हेंडरच्या बॅगेत नाही, त्याच्या ऑफिसातल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. मालकाच्या कपाटात. हे ज्या कंपनीत नाही, तिथे फायरवॉल विकत घेतलेली नाही, भाड्यानं घेतली आहे, फक्त बिल विकतचं आहे.

आता हे मत कुठून आलं ते सांगतो.

फेब्रुवारीतली एक संध्याकाळ

आपल्या नाशिकला द्राक्षाचा सीझन काय असतो ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, ओझर, सगळीकडे पॅकहाउस रात्रंदिवस चालू. बागेतून क्रेट येतात, बायका घड साफ करतात, वजन होतं, पनेट भरतात, लेबल लागतं, माल प्रीकूलिंगला जातो आणि तिथून कंटेनरमध्ये. कंटेनर उरणच्या बंदरावर वेळेत पोहोचला पाहिजे, कारण जहाज कोणासाठी थांबत नाही.

अशाच एका पॅकहाउसमधून मला संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन आला. मालकांचा मुलगा माझ्या क्लासला येऊन गेलेला. म्हणाला, "सर, नेट गेलंय, लेबल निघेना, गाडी दारात उभी आहे."

झालं असं होतं. त्यांनी दुसरी ब्रॉडबँड लाइन घेतली होती, एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. विचार चांगला. ती लाइन फायरवॉलवर जोडायचं काम त्यांच्या व्हेंडरचा मुलगा रिमोटवरून करत होता. तो त्या दिवशी धुळ्याला लग्नाला गेलेला. पॅकहाउसमधल्याच एका कॉम्प्युटरचा पडदा त्यानं लॅपटॉपवर घेतला, तिथून फायरवॉल उघडली, आणि पोर्ट बदलताना आतलं नेटवर्क ज्या पोर्टवर होतं तोच पोर्ट बाहेरच्या लाइनला देऊन 'सेव्ह' दाबलं. बसलेल्या फांदीवरच कुऱ्हाड. त्याचा स्वतःचा रस्ता तुटला आणि पॅकहाउसचाही.

मग जे सगळीकडे होतं ते झालं. कोणीतरी म्हणालं, सगळं बंद करून चालू करा. चालू केलं. चार लेबल प्रिंटर आणि तीन वजनकाटे नेटवर्कवर होते, त्यांना पत्ता फायरवॉलच देत होती. बंद-चालू केल्यावर होता तो पत्ताही गेला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एक लॅपटॉप चालू झाला, पण त्यातून प्रिंटरपर्यंत जाणार कसं? तीस-चाळीस बायका रिकाम्या हातानं बसलेल्या. बागेतून क्रेट यायचे थांबले नव्हते.

व्हेंडरच्या मुलाला फोन लावला तर म्हणाला, सकाळी येतो. पासवर्ड मागितला तर म्हणाला, "मालकांना पासवर्ड द्यायची आमची पद्धत नाही, ऑफिस बंद आहे, उद्या बघू."

मी क्लास लवकर सोडला, बॅगेत कन्सोल केबल टाकली आणि निघालो.

आता इथे माझीही फजिती सांगतो, कारण व्हिडिओत सगळं एका दमात जमतं आणि प्रत्यक्षात तसं नसतं. पहिली केबल लावली तर विंडोजनं ती ओळखलीच नाही. पिवळं चिन्ह. स्वस्तातली जुनी केबल, आतली चिप कुठली कोण जाणे. नशिबानं बॅगेत दुसरी होती. ती लागली, कॉम पोर्ट दिसला, पुट्टी उघडली, एंटर मारला, तर पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. म्हणजे स्पीड चुकलेला. मी सवयीनं ९६०० ठेवला होता, त्या डब्याला १,१५,२०० हवा होता. बदलला. एंटर. स्वच्छ अक्षरांत लॉगिन विचारलं.

आणि तिथे आम्ही थांबलो. कारण पासवर्ड नव्हता.

मालक शेजारी उभे होते. म्हणाले, "पैसे माझे, जागा माझी, लाइट माझी, आणि माझ्याच डब्यात मला जाता येत नाही?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी कसं सुटलं ते ऐका. त्यांच्या मुलानं व्हॉट्सॲप मागे मागे सरकवत नेलं. दोन वर्षांपूर्वी फायरवॉल बसवणारा जो पहिला मुलगा होता, तो आता त्या व्हेंडरकडे नाही, त्यानं बसवल्याच्या दिवशी एक फोटो पाठवला होता. कागदावर पेनानं लिहिलेला पासवर्ड. तो टाकला. उघडलं. दोन वर्षांत कोणी बदललाच नव्हता!

पुढचं काम पाच मिनिटांचं. डब्यानं स्वतःच जुन्या सेटिंगच्या प्रती ठेवल्या होत्या. दुपारची प्रत परत आणली, डबा पुन्हा चालू झाला, प्रिंटर खडखडले. रात्री साडेदहा वाजून गेले होते.

सगळे खूश. मी मात्र परत येताना गाडीत विचार करत होतो. आपण वाचलो कशामुळे? शिस्तीमुळे नाही, बेशिस्तीमुळे. पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नये हे मी प्रत्येक बॅचला सांगतो. माणूस नोकरी सोडून गेला की पासवर्ड बदलावा हेही सांगतो. त्या दिवशी या दोन्ही चुका झालेल्या होत्या म्हणून कंटेनर निघाला. नियमानं चाललं असतं तर गाडी सकाळपर्यंत दारातच उभी राहिली असती. ज्या व्यवस्थेत चुकीमुळे काम होतं आणि नियमामुळे अडतं, ती व्यवस्थाच चुकीची आहे.

कन्सोल म्हणजे विहिरीवरचं हिरवं बटण

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी दोन शब्द.

आता शेतात मोबाइलवरून मोटर चालू करायची सोय आली आहे. घरी बसून मिस्ड कॉल द्यायचा, मोटर चालू. पण रेंज गेली, सिमचा रिचार्ज संपला, तर काय करता? टॉर्च घेऊन विहिरीवर जाता, स्टार्टरची पेटी उघडता आणि हिरवं बटण दाबता. मोबाइल स्टार्टर कितीही भारी असो, ते बटण कोणी काढून टाकत नाही.

फायरवॉलचं ब्राउझरमधलं पान म्हणजे मोबाइल स्टार्टर. नेटवर्क धड असेल तोवर चालतं. कन्सोल पोर्ट म्हणजे हिरवं बटण. त्याला आयपी पत्ता लागत नाही, वायफाय लागत नाही, इंटरनेट लागत नाही. एक वायर, दोन टोकं, मध्ये कोणी नाही. नेटवर्कची पार वाट लागलेली असली तरी डब्यात जीव आहे तोवर तो तुमच्याशी बोलतो. एवढंच नाही, डबा चालू होताना काय काय करतोय, कुठे अडकतोय, हे फक्त इथेच दिसतं. ब्राउझरचं पान तर सगळं नीट चालू झाल्यावर येतं.

हे तंत्र जुनं आहे. आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली आलं. आज लॅपटॉपवरून तो नऊ पिनांचा पोर्ट गेला, म्हणून मध्ये यूएसबीची केबल लागते. पण वायरीतून जी भाषा जाते ती तीच. ९६०० च्या स्पीडला एका सेकंदात साधारण ९६० अक्षरं जातात, कारण एका अक्षराला पुढचा-मागचा बिट धरून १० बिट लागतात. आजच्या हिशोबानं ही गोगलगाय आहे. पण अडल्या वेळी गोगलगाय पोहोचते, हेच तिचं मोल.

जोडताना लोक कुठे अडकतात

व्हिडिओखाली जे प्रश्न नेहमी येतात त्यांची उत्तरं एकत्र देतो.

पहिली गोष्ट, पोर्ट ओळखा. फायरवॉलवर नेटवर्कच्या पोर्टसारखाच दिसणारा एक पोर्ट असतो, त्यावर 'कन्सोल' लिहिलेलं असतं. त्यात स्विचची वायर घालू नका. काही नवीन डब्यांवर कन्सोलसाठी छोटा यूएसबी पोर्ट असतो, मायक्रो, मिनी किंवा सी प्रकारचा. पण डब्यावर जो पेनड्राइव्हसारखा मोठा यूएसबी पोर्ट दिसतो, तो बहुतेक वेळा कन्सोल नसतो, तो पेनड्राइव्ह किंवा डोंगलसाठी असतो. दोन्ही बाजूंना मोठी यूएसबी असलेली केबल आणून लॅपटॉप आणि फायरवॉल जोडणारे मी पाहिलेत. असं करू नका.

दुसरी गोष्ट, केबल. एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला नेटवर्कसारखं टोक, अशी एकसंध केबल मिळते. बहुधा फिकट निळी. बऱ्याच कंपन्यांच्या फायरवॉलला तीच चालते, कारण अनेकांनी सिस्कोचीच पिनांची मांडणी उचलली आहे. तरी आपल्या मॉडेलचं पुस्तक एकदा बघा. साधी नेटवर्कची वायर कन्सोल केबल होत नाही, आतला तारांचा क्रम वेगळा असतो.

तिसरी गोष्ट, चिप. या केबलच्या आत एक छोटी चिप असते, ती यूएसबीचं सिरीयल करते. एफटीडीआय, प्रोलिफिक, सिलिकॉन लॅब्स, सीएच३४० ही नावं लक्षात ठेवा. नकली चिपा बाजारात खूप आहेत आणि मूळ कंपन्या आपल्या ड्रायव्हरमधून त्यांना अडवतात. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआयचा एक ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्यानं नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला. काल चालणारी केबल आज मेली. ओरड झाली, तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. म्हणून केबल घेतानाच दुकानात लॅपटॉपला लावून बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स' खाली कॉम आणि त्यापुढे आकडा दिसला पाहिजे. पिवळं चिन्ह आलं तर परत द्या. शे-दोनशे वाचवायला जाऊन ऐनवेळी तोंडघशी पडू नका.

चौथी गोष्ट, स्पीड. सिस्को, फोर्टिगेट, पालो आल्टो यांना साधारणपणे ९६००. सोफॉसला ३८,४००. सोनिकवॉल, वॉचगार्ड, मायक्रोटिक आणि पीएफसेन्सला १,१५,२००. बाकी सगळं सारखंच: ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. पुट्टीमध्ये फ्लो कंट्रोल आधीपासून चालू असतो, तो हातानं 'नन' करा. पडद्यावर अक्षरं येतात पण तुम्ही टाइप केलेलं उमटत नाही, असं झालं तर नव्वद टक्के दोष याच जागी असतो. चौकोन-प्रश्नचिन्हं आली तर स्पीड चुकलाय. काहीच आलं नाही तर आधी एंटर मारा, कारण डबा गप्प बसून तुमची वाट बघत असतो.

लिनक्सवाल्यांसाठी: पोर्ट उघडायला परवानगी नाही असं आलं तर तुमचं नाव 'डायलआउट' गटात आहे का बघा. उबुंटूवर बहुतेक वेळा हेच असतं.

आणि एक इशारा. रॅकमध्ये फायरवॉलखाली यूपीएस असतो. एपीसीच्या जुन्या यूपीएसला मागे नऊ पिनांचा पोर्ट असतो, तो दिसतो साध्या सिरीयलसारखा, पण पिनांची मांडणी वेगळी आहे. साधी सिरीयल केबल त्यात घातली की यूपीएस बंद होऊ शकतो, आणि त्याच्यावरचं सगळं खाली बसतं. अंधारात रॅकमागे हात घालताना कोणत्या डब्यात वायर घालताय ते बघून घाला.

"मालकाला दिलं तर तो बिघडवेल"

आता मतावर येतो. मी हे बोललो की व्हेंडर मित्र तीन गोष्टी सांगतात. तिन्ही ऐकण्यासारख्या आहेत, म्हणून तिन्हींचं उत्तर देतो.

पहिली: मालकाला पासवर्ड दिला की तो नको तिथे हात घालतो, बिघडवतो, आणि नाव आमचं खराब होतं. हे खरं आहे. मी स्वतः असे मालक पाहिलेत जे मुलांनी यूट्यूब बघू नये म्हणून सगळं ऑफिस बंद पाडून बसले. पण पासवर्ड असणं आणि रोज वापरणं यात फरक आहे. आपण बँकेत लॉकर घेतो, किल्ली आपल्याकडे असते, म्हणून रोज जाऊन उघडतो का? मालकाला पासवर्ड पाकिटात बंद करून द्या, पाकिटावर सही करा. पाकीट फाटलं की कळेल कोणी उघडलं. रोजच्या कामासाठी तुमचं वेगळं खातं ठेवा, म्हणजे कोणी काय बदललं ते नोंदीत स्वतंत्र दिसेल. ज्याला खरंच आपल्या नावाची काळजी आहे त्याला ही नोंद आवडायलाच हवी. एकच 'ॲडमिन' खातं सगळ्यांनी वापरायचं आणि मग मालकावर आरोप करायचा, हे बरोबर नाही.

दुसरी: आता सगळं क्लाउडवर आहे, कन्सोल कोण वापरतं? अहो, क्लाउडवरचं पान तुमच्या डब्यापर्यंत पोहोचतं कशातून? त्याच डब्याच्या इंटरनेटमधून. तेच गेलं तर क्लाउडमध्ये तुम्हाला काय दिसणार, 'ऑफलाइन'. आणि हे फक्त पिंपळगावला होतं असं समजू नका. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळं जगभर सुमारे सहा तास बंद होतं ते आठवत असेल. देखभालीच्या कामात एक चुकीची आज्ञा गेली आणि त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं नेटवर्कच तुटलं. इंजिनिअरांना रिमोटवरून आत जाता येईना, अडचणीसाठी ठेवलेला वेगळा रस्ताही चालेना, शेवटी माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जाऊन हात लावावा लागला. म्हणजे त्या धुळ्याच्या मुलानं जे केलं तेच, फक्त प्रमाण मोठं. एवढी मोठी कंपनी फांदीवर बसून फांदी तोडू शकते, तर आपलं काय! म्हणून मी त्या मुलाला दोष देत नाही. चूक कोणाचीही होते. परतीचा रस्ता ठेवला नाही, हा दोष.

तिसरी: कन्सोल म्हणजे चोरवाट, जो कोणी केबल लावेल तो आत. हा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. ज्याच्या हाताला डबा लागतो, त्याच्या हाती तो डबा अर्धा गेलाच. पण याचं उत्तर केबल लपवणं नाही, कारण तीच केबल कोणालाही ऑनलाइन मिळते. उत्तर म्हणजे रॅकला कुलूप लावा. कितीतरी ठिकाणी फायरवॉल रिसेप्शनच्या टेबलाखाली, पायपुसण्याशेजारी ठेवलेली मी पाहिली आहे. काही डब्यांवर कन्सोलचा मेनू पासवर्ड न विचारता उघडतो, पीएफसेन्समध्ये तसं असतं, तिथे कन्सोलला पासवर्ड लावायची खूण सेटिंगमध्ये आहे, ती करा. आणि लावल्यावर तो पासवर्ड पाकिटात टाका.

पूर्वी काही कंपन्यांनी पासवर्ड विसरलेल्यांसाठी कन्सोलवरून मागची वाट ठेवलेली होती. फोर्टिगेटमध्ये 'मेंटेनर' नावाचं खातं असायचं. ७.२.४ या आवृत्तीपासून ते काढून टाकलं. सुरक्षेच्या दृष्टीनं बरोबरच केलं. पण त्याचा अर्थ आपण समजून घ्या: अशा डब्याचा पासवर्ड हरवला तर समोर एकच मार्ग राहतो, डबा कोरा करायचा आणि पहिल्यापासून सगळं भरायचं. सेटिंगची प्रत नसेल तर अख्खा दिवस गेला. डबे जितके पक्के होत चाललेत, तितका पासवर्ड मालकाकडे असणं जास्त गरजेचं होत चाललंय.

कायदाही मालकालाच विचारतो

अजून एक बाजू आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या. ते कंपन्यांनाही लागू आहेत. आता विचार करा. शनिवारी रात्री काहीतरी घडलं, नोंदी फायरवॉलमध्ये आहेत आणि फायरवॉलचा पासवर्ड धुळ्याच्या लग्नात आहे. सहा तासांत तुम्ही कळवणार काय? विचारणारा व्हेंडरला विचारणार नाही, तुम्हाला विचारणार. जबाबदारी तुमची आणि किल्ली दुसऱ्याची, हा सौदा धंद्यात आपण दुसरीकडे कुठे मान्य करतो का?

आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. त्र्यंबकेश्वरपासून पंचवटीपर्यंत लॉज, हॉटेलं, भक्तनिवास सगळीकडे वायफाय, कॅमेरे, फायरवॉल बसतायत. बसवणाऱ्यांना घाई आहे, घेणाऱ्यांनाही घाई आहे. पर्वणीच्या दिवशी बुकिंगचं सॉफ्टवेअर अडलं आणि व्हेंडरची गाडी गर्दीत अडकली, तर तुमच्या काउंटरवरच्या मुलाकडे काय असेल? आज ऑर्डर देतानाच विचारून घ्या.

पाकिटात काय हवं

माझ्या मते बिलाचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी मालकानं हे पाच हातात घ्यावं:

१. चालणारी कन्सोल केबल, त्याच मॉडेलची, त्याच लॅपटॉपवर लावून दाखवलेली.
२. ॲडमिनचं नाव आणि पासवर्ड, बंद पाकिटात.
३. एका कागदावर कन्सोलचा स्पीड, मॉडेल, सिरीयल नंबर आणि कोणत्या पोर्टला कोणती वायर.
४. सेटिंगची प्रत पेनड्राइव्हवर, आणि दर मोठ्या बदलानंतर नवी प्रत. तिच्यातही पासवर्ड असतात, म्हणून ती कपाटातच.
५. परवान्याचं खातं कंपनीच्या ईमेलवर, व्हेंडरच्या नाही. हे लोक विसरतात. व्हेंडर बदलायची वेळ आली की मग धावपळ.

आणि वर्षातून दोनदा, सुट्टीच्या दिवशी, तालीम करा. पाकीट फोडा, केबल लावा, आत जा, बाहेर या, पासवर्ड बदला, नवं पाकीट बंद करा. अर्धा तास लागतो. आग विझवायचा सिलिंडर भिंतीवर टांगून पाच वर्षं कोणी बघितलाच नाही, तसं केबलचं होऊ देऊ नका.

माझ्या विद्यार्थ्यांना

शेवटचं तुमच्यासाठी. तुमच्यातले बरेच जण उद्या व्हेंडरच्याच बाजूला असणार आहात. तुम्हाला कोणी शिकवेल की पासवर्ड हातात ठेवला की गिऱ्हाईक हातात राहतं. वर्षाचं कंत्राट आपोआप पुढे चालू राहतं. राहतंही, पहिल्या अडचणीपर्यंत. त्या पॅकहाउसच्या मालकांनी सीझन संपल्यावर व्हेंडर बदलला. काम वाईट होतं म्हणून नाही. चूक त्यांनी केव्हाच माफ केली होती, चूक माणसाकडून होते हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्यांना लागलं ते "आमची पद्धत नाही" हे वाक्य.

नवीन व्हेंडरला त्यांनी एकच अट घातली, पाकिटाची. तो मुलगा माझ्याच एका जुन्या बॅचचा निघाला. त्यानं पाकीट दिलं, वर केबलही दिली, आणि मालकांच्या मुलाला बसवून एकदा स्वतःच्या हातानं आत जायला लावलं. आता तिकडून फोन येतो तो प्रश्न घेऊन येतो: "सर, हे असं दिसतंय, आधी एवढं करून बघितलं, पुढे काय करू?" असं गिऱ्हाईक सांभाळायला सोपं असतं, विश्वास ठेवा.

तेव्हा आज एक काम करा. ऑफिसला गेलात की फायरवॉल कुठे ठेवली आहे ते बघा, कन्सोल पोर्ट शोधा, आणि त्याची केबल कुठे आहे ते विचारा. "खोक्यात असेल" असं उत्तर आलं, तर खोकं कुठे आहे तेही विचारा. बहुतेक ठिकाणी खोकं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला गेलेलं असतं, केबलसकट.

पुढच्या व्हिडिओत कोरा डबा कन्सोलवरून पहिल्यापासून उभा करू. केबल तयार ठेवा.